आमची वाटचाल : संभाजीनगरहून एका दिवसाचे अवघड ट्रेक

सह्याद्रीची मुख्य रांग छत्रपती संभाजीनगरपासून लांब. पुण्याचा ट्रेकर पहाटे घर सोडून उजाडता उजाडता पायथ्याला लागतो, आपल्याकडच्या माणसाची रात्र गाडीत जाते. आमच्या धंद्याची घडण या एका अडचणीतून झाली. किल्ला दाखवून आणणाऱ्या सहली पुष्कळ निघतात. आम्ही दोर हाताळलेल्या, घसाऱ्यावर (सुट्या मुरूम-खड्यांच्या उतारावर) पाय कसा टाकायचा हे ठाऊक असलेल्या लोकांसाठी एकदिवसीय वाटा आखतो. आखणी सूर्यास्तापासून सुरू करायची आणि उलटं मोजत पहाटेपर्यंत यायचं. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम 11 तासांचा असतो, हे त्यातलं पहिलं कलम.

सुरुवात घरच्या डोंगरांवर झाली. अंतूर, सुतोंडा, वेताळवाडी, जंजाळा ही अजिंठ्याच्या रांगेतली नावं. उंचीने ही मंडळी नाशिककडच्या किल्ल्यांपुढे लहान, पण खानदेशात उतरणारी उत्तरेची बाजू चांगलीच उभी आहे, आणि ऊन तर कुणाच्या बापाला आवरत नाही. गौताळा अभयारण्याच्या हद्दीत जायचं तर वनखात्याची परवानगी आधी. पाण्याचा हिशोब इथेच पक्का झाला: थंडीत माणशी 3 लिटर, मार्चपासून 4 ते 5, आणि गडावरच्या टाक्यांतलं पाणी हिशोबात धरायचं नाही. नुसतं पाणी ढोसत राहिलं की घामावाटे गेलेलं मीठ भरून निघत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस ते ऊन लागलं समजून आणखी पाणी पितो. म्हणून ओआरएसची पुडी. ती संपलीच तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने, सपाट भरून.

मग नाशिककडची सातमाळा रांग. राजदेरवाडीतून राजदेर, कोळदेर आणि इंद्राई एका दिवसात करायचे ठरवले की वेळेचं गणित चुकवून चालत नाही. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 चा नियम प्रसिद्ध आहे: दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला वर आणखी एक तास. आपल्या डोंगरात तो तोंडघशी पाडतो. आम्ही तासाला 3 किलोमीटर आणि 300 मीटर चढ धरतो. समजा, 14 किलोमीटर चाल आणि 1,200 मीटर चढ आहे. नेस्मिथच्या हिशोबाने पावणेपाच तास, आमच्या हिशोबाने पावणेनऊच्या आसपास. खाणं, थांबणं धरून दिवस तिथेच संपतो. मुरमाड घसाऱ्यावरची उतरण चढाइतकाच वेळ खाते. ती ‘उतारच आहे’ म्हणून कमी धरली की हमखास अंधार गाठतो.

नकाशावरही डोळे झाकून विसंबता येत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 नकाशात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) 20 मीटरच्या अंतराने असतात. म्हणजे 15 मीटरचा सरळ कातळ दोन रेषांच्या मध्ये गडप होऊ शकतो, आणि कागदावर नुसता चढ दिसतो. त्यात आपला खडक बेसॉल्ट, थरावर थर. टणक थराचा कडा होतो आणि दोन थरांमधल्या ठिसूळ तांबड्या पट्ट्यावर पाय ठेवला की तो साखरेसारखा सुटतो. कड्याच्या पोटातून आडवं जाताना नेमकी तीच पट्टी सोपी वाट वाटते. त्यामुळे कोणाची जीपीएस नोंद मिळाली तरी आमचा माणूस पावसाळा संपल्यावर गावातल्या वाटाड्याबरोबर ती वाट आधी चालून येतो.

समृद्धी महामार्गाने धंद्याचा नकाशा बदलला. डिसेंबर 2022 मध्ये शिर्डीपर्यंतचा आणि मे 2023 मध्ये भरवीरपर्यंतचा टप्पा खुला झाला. घोटी हाताशी आली, आणि कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव, अलंग-मदन किल्ल्यांच्या पायथ्याची आंबेवाडी एका रात्रीच्या टप्प्यात आली. दुचाकीला मात्र तिथे बंदी, म्हणून बाईकवर निघणारे गट आमच्या गाडीत येऊ लागले. धोकाही त्याच रस्त्यावर आहे. सरळ, एकसुरी रस्ता रात्री चालकाची झापड वाढवतो. आम्ही दोन चालक घेतो. परतीला स्टिअरिंगवर बसणारा दिवसभर गावात झोपलेला असतो, डोंगरावर आलेला नसतो. दरात यामुळे भर पडते, आणि घासाघीस सगळ्यात जास्त याच आकड्यावर होते. तो आकडा आम्ही कमी करत नाही.

अलंग-मदनला खरी अडचण रांगेची. दोराच्या टप्प्यावर माणशी 8 मिनिटं धरली तर 12 जणांना 96 मिनिटं लागतात, आणि तोच टप्पा उतरायलाही आहे. एका दिवसाच्या ट्रेकला 8 पेक्षा जास्त जण घ्यायचे नाहीत आणि जागा असेल तिथे दोन दोर लावायचे, हे त्या हिशोबातून आलं. पुढे चढणाऱ्याला डायनॅमिक, म्हणजे झटक्याला ताणला जाणारा दोर. स्टॅटिक दोर फारसा ताणला जात नाही, पडल्यास सगळा झटका कंबरेला आणि अँकरला, म्हणजे दोर बांधलेल्या आधाराला बसतो. मागून येणाऱ्यांना वरून बिले (दोर धरून दिलेला आधार), रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून उतरायला, 10.5 मिलिमीटरचा स्टॅटिक आणि 6 मिलिमीटरच्या दोरीची प्रुसिक गाठ, जी भार आला की दोराला आवळते. कातळात आधी ठोकलेला गंजका बोल्ट दिसला तरी एकट्या त्याच्यावर भार नाही. दोर डिकीत बॅटरीशेजारी ठेवायचा नाही. आम्लाचा डाग वरून दिसतही नाही आणि आतले धागे गेलेले असतात. धारेवर दोर घासतो तिथे जुन्या जीनचा तुकडा पुरतो.

सगळ्यात जास्त मागणी बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर चढणाऱ्या नळीच्या, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीच्या वाटेला. चढ हजार मीटरहून जास्त, वाट मोठाल्या धोंड्यांनी भरलेली, मध्ये कातळटप्पे. आपल्याकडचे लोक उन्हाला कणखर, पण कोरड्या उन्हाला. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापत राहतं, आणि जालना-बीडचा चांगला तयारीचा गडी नऊ वाजताच ढेपाळतो. म्हणून पहाटे पाचला, हेडटॉर्चवर सुरुवात. नळीत तिघा-चौघांच्या तुकड्या, दोन तुकड्यांत वळणाचं अंतर, थांबायचं ते कातळाच्या आडोशाला. ‘दगड!’ अशी हाक आली की वर बघायचं नाही, भिंतीला चिकटायचं. पहिल्या दोराच्या टप्प्याखाली दहापर्यंत शेवटचा माणूस आला नाही तर सगळे मागे. तो टप्पा चढल्यावर परत फिरणं म्हणजे रॅपलिंग आलं, आणि त्याला वर जाण्याइतकाच वेळ लागतो.

उतरायचं टोलार खिंडीने खिरेश्वरला, चार तास धरून. गाडी तोवर माळशेज चढून तिथे आलेली असते, आणि आळेफाटा-अहिल्यानगर ही परतीची वाट समोरच लागते. बेलपाड्याला परत उतरवणारी आखणी मुंबईकरांच्या सोयीची, आपल्या नव्हे.

आग्यामोहोळाबद्दल अनुभवी लोकही बेफिकीर असतात. अत्तर, डिओ, वासाचं तेल, धूर, आरडाओरडा, सगळं बंद. कड्यावर दोराच्या रेषेजवळ पोळं दिसलं की वाट रद्द, कारण दोरावर लटकलेल्याला पळता येत नाही. माश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत. डोकं-तोंड झाकून लांब व्हायचं आणि काटे नखाने खरवडून लगेच काढायचे. चेहरा सुजला, श्वास लागला तर ती गोळीने निभणारी गोष्ट नाही, ॲड्रेनलिन लागतं. त्यामुळे सगळ्यात जवळचा दवाखाना कुठे आणि तिथे पोचायला किती वेळ, हे आखणीच्या कागदावर 112, 108 आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरच्या नंबरशेजारी लिहिलेलं असतं. त्या कागदाची एक प्रत गावात वाटाड्याच्या घरी राहते.

येणाऱ्याचा अनुभव आम्ही प्रमाणपत्रावरून ठरवत नाही. गोगाबाबा टेकडीवर 8 किलोची सॅक घेऊन न थांबता पाच फेऱ्या मारायला लावतो आणि बघतो उतरताना. चढताना दम सगळेच काढतात. गुडघा डगमगतो, पाय आपटायला लागतात ते उतरताना. त्यानंतर डोळे मिटून आठाची गाठ (दोर कंबरेला बांधायची) आणि प्रुसिक. दोन्ही जमलं की नाव पक्कं. जून ते सप्टेंबर नळीची वाट आणि अलंग-मदनची नोंदणी बंद असते. त्या दिवसांत चालायचंच असेल तर वेताळवाडी, जंजाळा आणि घटोत्कच लेणी, दोराशिवाय.