हिट-मॉडेल, आवृत्ती ४: ‘फॉर्म’ निघाला घड्याळाचा खेळ

हे मॉडेल अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये (एमएलबी) आज कोणत्या बॅटरला हिट (मारलेल्या चेंडूवर सुरक्षित बेस गाठणं) मिळेल, याचा अंदाज बांधतं; ‘बीट द स्ट्रीक’ या खेळासाठी, जिथे असे सलग ५७ अंदाज बरोबर यावे लागतात. मागच्या नोंदीत ‘गेले ७ दिवस’ या फीचरवर (मॉडेलला दिलेला बॅटरच्या ताज्या फॉर्मचा आकडा) सगळे खूश होते. त्याचा निकाल लागलाय: ती गळती होती, म्हणजे जो निकाल ओळखायचा तोच मॉडेलला आधी दिसत होता. आवृत्ती ४ च्या बॅकटेस्टने (जुन्या सामन्यांवरच्या चाचणीने) मारलेली उडी जवळपास सगळी तिथूनच आली. दुरुस्तीनंतर त्या फीचरचं वजन शून्याच्या आसपास उतरलं. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला ‘फॉर्म’वर विश्वास ठेवायला पुरावा लागत नाही, म्हणूनच हा प्रकार इतका खपला.

संशय आला तो कॅलिब्रेशनचे डबे (सांगितलेली शक्यता आणि प्रत्यक्ष निकाल यांची गटागटाने तुलना) मैदानाच्या टाइम झोननुसार वेगळे केल्यावर. ईस्टर्नमध्ये (पूर्व किनारा) मॉडेल यथातथाच, पॅसिफिकमध्ये (पश्चिम किनारा) एकदम अचूक. पहिला आरोपी अर्थातच डेन्व्हरचं कूअर्स फील्ड: सुमारे १,६०० मीटर उंची, विरळ हवा, ऐसपैस आउटफील्ड. पण सिअ‍ॅटलचं मैदान बॅटरला रडवणारं, आणि मॉडेल तिथेही तितकंच हुशार. शिवाय पार्क फॅक्टरने (मैदानाच्या परिणामाने) सगळ्यांचेच अंदाज एकदम वर-खाली होतात. त्याच संघात कोणाला हिट मिळेल आणि कोण कोरडा राहील, हे त्यातून कळत नाही.

खरी भानगड दोन ठिकाणच्या डेटाच्या जोडणीत होती. वेळापत्रक एमएलबीच्या स्टॅट्स एपीआयमधून येतं आणि त्यातली ‘गेमडेट’ म्हणजे यूटीसीतली (जागतिक प्रमाणवेळेतली) सुरुवातीची वेळ. स्टॅटकास्टच्या (एमएलबीच्या चेंडूनिहाय नोंदींच्या) फाइलमध्येही ‘गेम_डेट’ आहे, पण ती अमेरिकेतली अधिकृत तारीख. लॉस एंजेलिसला ५ एप्रिलला संध्याकाळी ७:१० ला सुरू होणारा सामना यूटीसीत ६ एप्रिलच्या पहाटे २:१० चा. त्यातून नुसती तारीख कापली की सामना झाला ६ तारखेचा. फीचरचा नियम ‘६ च्या आधीचं सगळं घ्या’, आणि स्टॅटकास्टमध्ये त्याच सामन्याचे पिच ५ तारखेखाली बसलेले. प्रश्नपत्रिकेलाच उत्तरपत्रिका टाचून दिल्यासारखं.

न्यूयॉर्कचा ७:०५ चा सामना यूटीसीत २३:०५ ला, म्हणून सुटतो. डेन्व्हरचा ६:४० चा ००:४० ला, म्हणून अडकतो. सेंट्रलमध्ये ६:४० वाले सुटतात, ७:१० वाले अवघ्या दहा मिनिटांनी अडकतात. तो डबा धड इकडचा ना तिकडचा का दिसत होता, ते यावरून कळावं.

आणि नेमका ‘फॉर्म’च हीरो का ठरला? सात दिवसांत बॅटरचे साधारण २५ ते ३० पीए (प्लेट अपिअरन्स, म्हणजे बॅटिंगच्या पाळ्या) होतात. त्यात त्याच सामन्याचे ४-५ घुसले की फीचर भविष्य सांगणारच. मोसमाच्या ६०० पीएमध्ये तेच ४-५ विरघळून जातात, म्हणून लांब पल्ल्याची फीचर्स साळसूद वाटली. आपल्याही मॉडेलवर तपासायचं असेल तर फीचरची सात दिवसांची खिडकी एका दिवसावर आणा. गळती असेल तर पॅसिफिकचे रात्रीचे सामने जवळजवळ शंभर टक्के बरोबर येतील.

दुरुस्ती अशी: तारखेवरची जोडणी बंद, फक्त ‘गेम_पीके’वर (सामन्याचा स्वतंत्र क्रमांक). क्रम सुरुवातीच्या पूर्ण वेळेनुसार, डबलहेडरसाठी (त्याच संघांचे एकाच दिवशी दोन सामने) वर ‘गेम नंबर’. पीएंची आधी सामनानिहाय बेरीज, मग बॅटरनिहाय गट, गटाच्या आत शिफ्ट(१) (प्रत्येक ओळीला फक्त आधीचेच सामने दिसतील असं एक ओळ सरकवणं), आणि त्यावर रोलिंग (सरकती खिडकी). शिफ्ट पीएच्या पातळीवर केलं तर दुसऱ्या पीएला त्याच सामन्यातला पहिला पीए दिसतो. गटाबाहेर केलं तर एका बॅटरचा शेवटचा सामना दुसऱ्याच्या पहिल्या सामन्यात शिरतो. अर्धवट थांबलेले सामने सरळ गाळा. २६ जून २०२४ ला पावसाने थांबलेला बॉस्टन-टोरोंटो सामना २६ ऑगस्टला पूर्ण झाला आणि डॅनी जॅन्सन त्या एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून खेळला. असल्या ओळीला कोणतीही तारीख लावा, ती कुठेतरी खोटीच ठरते.

दुसरं घड्याळ ठाण्यातलं. लाइन-अप (खेळणाऱ्यांच्या याद्या) सामन्याच्या तीनेक तास आधी लागतात. ईस्टर्नचा ७:०५ चा सामना आपल्याकडे पहाटे ४:३५ ला, म्हणजे लाइन-अप रात्री दीडच्या सुमारास. घोडबंदरच्या फ्लॅटमधल्या रास्पबेरी पायवर (छोट्या संगणकावर) क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) १:४५ ला धावतो, तेव्हा पायची ‘आज’ ही न्यूयॉर्कची ‘उद्या’ असते. तारीख कायम ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ झोनमधूनच काढा. आणि डेटाबेस एसडी कार्डवर ठेवू नका, कोणी काहीही सांगो. पावसाळ्यात वीज गेली की पहिलं तेच दगा देतं. लॅमिंग्टन रोडवरून यूएसबी-साटा केबल आणि एक साधी एसएसडी आणली की काम भागतं.

एक गोष्ट मात्र झकास जमली: टार्गेट आता अ‍ॅव्हरेज (वॉक वगैरे वगळून काढलेलं हिटचं प्रमाण) नाही, दर पीएमागे हिट. २०२४ मध्ये लुईस अराएझ .३१४, हुआन सोटो .२८८, फरक किरकोळ वाटतो. पण अराएझचे ६७२ पीएमध्ये २०० हिट म्हणजे .२९८, आणि सोटोचे ७१३ मध्ये १६६ म्हणजे .२३३. सोटोच्या १२९ वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळालेला बेस) संघाला सोन्यासारख्या, आपल्याला निरुपयोगी. पुढचा हिशेब, म्हणजे सामन्यात किमान एक हिट मिळण्याची शक्यता: १ वजा (१-पी) चा एन घात (पी म्हणजे दर पीएमागे हिटची शक्यता, एन म्हणजे सामन्यातले पीए). इथे एन म्हणून सरासरी ४.५ टाकू नका: पी ०.२७ असताना ०.७५७ येतं, पण निम्मे सामने ४ पीएचे आणि निम्मे ५ चे धरले तर ०.७५४. फरक छोटा, पण दिशा कायम फुगवण्याचीच. बॅटिंगचा क्रमांक आणि घर-बाहेर यांनुसार एनचं वितरण ठेवा. यजमान आघाडीवर असले तर नवव्या इनिंगमध्ये बॅटिंगलाच येत नाहीत, म्हणून बाकी सारखं असेल तर पाहुणा बॅटर निवडावा.

मॉडेल म्हणून साधं लॉजिस्टिक रिग्रेशनच पुरे. एक्सजीबूस्टला (निर्णयवृक्षांच्या जड मॉडेलला) या गोंगाटात शिकण्यासारखं फार नाही आणि त्याच्या संभाव्यता पुन्हा कॅलिब्रेट करत बसावं लागतं. ‘बीट द स्ट्रीक’च्या ५७ साठी (डिमॅजिओचे १९४१ चे हिटवाले सलग ५६ सामने अधिक एक) कॅलिब्रेशन हेच सर्वस्व: रोजची निवड ८० टक्के असेल तर शक्यता साधारण ३.३ लाखांत एक, ८५ टक्के असेल तर साडेदहा हजारांत एक.

यापुढे वारा-तापमान जोडायचं ठरलं होतं. ते आता मागे, कारण लिहिता लिहिता डबल-डाउनचा (एकाच दिवशी दोन बॅटर निवडण्याचा) मुद्दा डोक्यात आला. दोन बॅटर निवडले तर दोघांनाही हिट हवा, एक चुकला तरी मालिका तुटते. म्हणजे दोघांचे निकाल एकमेकांशी धन सहसंबंधात असलेले बरे! आपण आजवर ‘धोका वाटून घ्या’ म्हणत दोन वेगळ्या सामन्यांतले घेत आलो. एकाच संघातले, समोर तोच पिचर, आणि तो फुटला की दोघांचेही पीए वाढतात. सहसंबंध किती निघतो ते २०१५ पासूनच्या स्टॅटकास्टवर, बॅटिंग क्रमातल्या जोडीनिहाय मोजायला घेतलंय. पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाची जोडी आधी.