२,१४,७४,८३,६४७ला कोण भागेल?

२चा ३१वा घात, वजा १. ही दहा अंकी संख्या मूळ आहे हे गणितज्ञ ऑयलरने १७७२ साली दाखवलं. संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत तेच सांगतो, पण मला ते कागदावर करून बघायचं होतं.

वर्गमूळ ४६,३४०च्या किंचित पुढे. तिथपर्यंत जवळपास ४,८०० मूळ संख्या आहेत. एवढे भागाकार कोण करत बसणार? सुदैवाने या संख्येला कोणीही सोम्यागोम्या भागू शकत नाही.

समजा 'क' या मूळ संख्येने तिला निःशेष भाग जातो. मग २च्या ३१व्या घाताला क ने भागल्यावर १ उरतो. ३१ स्वतः मूळ, म्हणून त्याआधीच्या कुठल्याही घाताला १ उरत नाही, आणि फर्माच्या प्रमेयावरून (२च्या (क − १)व्या घाताला क ने भागलं की १ उरतोच) (क − १)ला ३१ने भाग जायलाच हवा. क विषम आहे, म्हणजे ६२नेही. शिवाय २च्या ३२व्या घाताची बाकी २ येते. तो घात म्हणजे १६व्या घाताचा वर्ग. थोडक्यात, क च्या हिशेबात २ ही वर्गसंख्या ठरते. ८ने भागून १ किंवा ७ उरणाऱ्या मूळ संख्यांच्याच बाबतीत असं होतं. दोन्ही अटी जुळवल्या की क ला २४८ने भागून १ किंवा ६३च उरू शकतात. खुद्द ६३ मूळ नाही; ते सोडलं तर उमेदवार उरतात ३७२. कागदावर हे उतरलं तेव्हा मी भलताच खूश झालो.

त्यातलेही बरेच आपणहून गळतात: २४९ला ३ने भाग जातो, ४९७ला ७ने, ५५९ला १३ने. पहिला खरा उमेदवार ३११, त्यानंतर थेट १,३०३. दहा अंकी भागाकार टाळायला मी घात तोडले. ३११ने भागल्यावर २च्या १५व्या घाताची बाकी ११३, १६व्याची २२६. त्यांच्या गुणाकाराची बाकी ३६, वजा १ म्हणजे ३५. शून्य नाही, पुढचा! पुढचं सगळं असंच, निव्वळ हमाली. शून्य कुठेच आलं नाही.

२चा घात वजा १ अशा संख्यांसाठीची ल्युका-लेमर कसोटीही लावली; हिच्यात शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ: ४पासून सुरुवात, दर वेळी वर्ग करून २ वजा. १४, १९४, ३७,६३४, १,४१,६३,१७,९५४... त्यानंतर बाक्या घेत जायचं. २९व्या पायरीला शून्य येतं. झटपट होतं खरं, पण ते शून्य का आलं हे करताना उमगत नाही. मला ऑयलरचीच वाट आवडली.

मग सहज या संख्येतून १ वजा करून अवयव पाडले: २, ३, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१. सगळे लहान, त्यामुळे ७च्या घातांना मूळ संख्येने भागत गेल्यावर बाक्या किती लांब फेरा मारतात हे तपासणं सोपं गेलं. शून्य सोडून सगळ्या बाक्या येऊन गेल्यावरच पुन्हा १ येतो, आणि फेरा एवढा लांब असणं हाही मूळ असण्याचा पुरावाच. अवयवांत ५ नाही, म्हणून ७चा पाचवा घात, १६,८०७, हाही तसाच पूर्ण फेरा मारतो. पार्क आणि मिलर यांनी १९८८मध्ये संगणकावर यादृच्छिक (रँडम) संख्या काढण्यासाठी सुचवलेला गुणक तो हाच.