आमची वाटचाल: काट्याशेजारची वाटी

निगडीत एका मेडिकलच्या वर, दोनशे स्क्वेअर फुटांच्या गाळ्यात आम्ही २०१२ साली आहारसल्ल्याचं क्लिनिक काढलं. आम्ही म्हणजे तेव्हा मी एकटीच, पण पाटीवर 'आम्ही' बरं दिसतं. सामान म्हणजे टेबल, खुर्च्या, डिजिटल वजनकाटा आणि काट्याशेजारी स्टुलावर स्टीलची एक वाटी. वाटी बांगड्यांसाठी. काट्यावर चढण्याआधी बायका बांगड्या, घड्याळ, कानातलं, केसांचा चाप असं सगळं त्यात काढून ठेवायच्या. मंगळसूत्रापाशी मात्र घोळ व्हायचा. "दोन वाट्यांचं असं किती वजन असणार?" म्हणत ते मुठीत धरून वर उचलायच्या, जणू उचललं की काट्याला कळणारच नाही. मी हसायचे.

धंदा झकास चालला होता. 'तीन महिन्यांत नऊ किलो' हे पॅकेज बारा हजारांना. लग्नाआधीचं वेगळं, बाळंतपणानंतरचं वेगळं. भिंतीवर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो. चार्ट जवळपास सगळ्यांना एकच, १,२०० कॅलरींचा. वरचं नाव बदलायचं आणि प्रिंट काढायची. लिहायला लाज वाटते, पण खरं ते खरं.

२०१८च्या दिवाळीआधी आवराआवर काढली आणि जुनी रजिस्टरं चाळत बसले. एका काकूंचं नाव तीन ठिकाणी सापडलं. २०१३ साली ८१ वरून ७२. २०१५ साली ८४ वरून ७४. २०१७ साली ८८ वरून ७९. तिन्ही नोंदींपुढे माझ्याच अक्षरात 'यशस्वी'. तिन्ही वेळा मी त्यांचे पेढे खाल्ले होते. आणि वजन वाढवून परत आल्या की त्या म्हणायच्या, "माझंच चुकलं गं, तोंडावर ताबा राहिला नाही." मीही मान डोलवायचे. मिक्सर तीनदा जळला तर आपण दुकानदाराशी भांडतो. इथे बाई माफी मागून वर नवे पैसे भरत होत्या.

त्या रात्री हिशोब मांडला. माझ्या उत्पन्नातला निम्म्याहून जास्त पैसा अशा परत आलेल्यांचा होता.

मग कॉलेजात वरवर वाचून सोडलेलं पुन्हा वाचायला घेतलं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, दिवसाला सुमारे १,६०० कॅलरींवर. त्या मुलांना खाण्याशिवाय दुसरं काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, ताटं चाटायची. प्रयोग संपल्यावरही कितीतरी दिवस त्यांचं पोट भरत नव्हतं. मुलं चालायची भरपूर, हे मान्य. पण माझा चार्ट १,२०० चा होता, आणि घरची सगळी कामं उरकून तो पाळणाऱ्या बाईला मी 'ताबा ठेवा' म्हणत होते. गंमत म्हणजे वजन-उंचीच्या जुन्या गुणोत्तराला 'बीएमआय' हे नाव १९७२ साली ज्यांनी दिलं, त्यात हेच कीज होते.

आणि बीएमआयची गोष्ट तर आमच्या पुण्याचीच. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र त्या सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. काट्यावरून आतलं कळत नाही, हे निगडीपासून तासाभरावरचा माणूस सांगून बसला होता आणि मी काट्याशेजारी वाटी मांडून धंदा करत होते.

२०१९च्या पाडव्याला पॅकेजं बंद केली आणि फोटो उतरवले. किती किलो उतरले यावर पैसे घ्यायचे नाहीत, भेटीला किती वेळ दिला यावर घ्यायचे असं ठरवलं. पाटीवर काय लिहायचं हा मोठाच पेच. 'नॉन-डाएट', म्हणजे वजन उतरवायच्या चार्टशिवायचा आहारसल्ला, असं लिहिलं तर पाटीवाला म्हणाला, "मॅडम, मग तुम्ही करता काय?" 'प्रत्येक शरीरासाठी' लिहिलं तर चार जण योगवर्गाची चौकशी करून गेले. शेवटी नुसतं 'आहारतज्ज्ञ' ठेवलं. मराठीत या कामाला अजून शब्द नाही. आपल्याकडे 'तब्येत सुधारलेली दिसतेय' हे कौतुक आहे की टोमणा, हे म्हणणाऱ्याच्या भुवयांवरून ओळखावं लागतं.

खर्च मात्र छोटे होते. हात असलेल्या खुर्च्या काढून बिनहाताच्या, भक्कम आणल्या. बीपीच्या मशीनला मोठा पट्टा घेतला. जाड दंडाला नेहमीचा पट्टा लावला तर बीपी खोटंच जास्त दाखवतं. इतकी वर्षं मी किती जणींना उगाच घाबरवलं असेल, देव जाणे.

उत्पन्न महिन्याला एक लाख चाळीस हजारांवरून साठावर आलं. नवरा काही बोलला नाही, पण त्याने गाडी बदलायचा विषयही परत काढला नाही.

काम कसं बदललं ते एका उदाहरणावरून सांगते. एक ताई आल्या, तक्रार अशी की संध्याकाळी पाचला फरसाणाचा डबा संपेपर्यंत हात थांबत नाही. आधीची मी असते तर फरसाण बंद केलं असतं. या वेळी त्यांना फक्त दिवस सांगायला लावला. सहाला चहा. मग डबे, सासऱ्यांचा नाश्ता, धुणं, स्वयंपाक. सगळ्यांची जेवणं झाल्यावर तीनला स्वतःचं ताट, त्यात उरलेली दीड पोळी आणि भाजीचा रस्सा. म्हणजे सकाळपासून नऊ तास पोटात फक्त चहा. मी म्हटलं, "ताई, ही सवय नाही, भूक आहे." नऊला दोन थालीपीठं किंवा उपमा, आणि एकला सगळ्यांबरोबर स्वतःचं ताट वाढून घ्यायचं, वरण-भातासकट. पहिलं जमलं. दुसऱ्यावरून घरात आठवडाभर धुसफूस झाली. तिसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, "परवा डबा उघडला, मूठभर खाल्लं आणि झाकण लावलं. मलाच कळेना काय झालं."

म्हणजे आम्ही 'काहीही खा' सांगतो असं नाही. किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम पाहावंच लागतं, मधुमेहात भाताबरोबर डाळ-उसळ किती हे बोलावंच लागतं. शेजारचे एक फिजिशियन सुरुवातीला चिडले होते, "वजन न बघता डाएट कसलं?" त्यांच्या तीन-चार पेशंटची एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, उतरलेली पाहिली आणि मग चिठ्ठ्या पाठवू लागले. आज आमचं निम्मं काम तिथून येतं.

लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन गेलो, तेव्हा जोडलेली दुबईतली काही मराठी कुटुंबं अजून आहेत. आता आम्ही खरोखर तिघी आहोत. २०२५ मध्ये वजन उतरवणारी, भूक कमी करणारी नवी इंजेक्शनं भारतात आली आणि वाटलं, आता आपल्याला कोण विचारणार. झालं उलटंच. भूकच मेलेली माणसं येतात, त्यांना दोन घास कधी आणि कशाचे, हे बसवून द्यावं लागतं. इंजेक्शन का घेतलं, असं आम्ही विचारत नाही.

काकूंना मी २०१९ मध्येच फोन केला होता, चूक माझी होती सांगायला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग छत्तीस हजार परत देतेस का?" मी हप्त्याहप्त्याने दिले. काकांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा त्या त्यांना घेऊन माझ्याकडेच आल्या. काटा आता आतल्या खोलीत असतो, गरज असेल त्यालाच, आकड्याकडे पाठ करून. काकू स्वतःसाठी आलेल्याच नसतात. तरी दारातून आत शिरता शिरता त्यांचा हात बांगड्यांकडे जातो, आणि वाटी कुठे ठेवलीय ते त्या शोधू लागतात.