चाकं बघायची की माणसं

आमच्या चित्रपट मंडळाचे कार्यक्रम वर्षभर चालू असायचे, पण मी वाट पाहायचो ती डिसेंबरातल्या शेवटच्या शनिवारची. त्या संध्याकाळी फक्त रणगाड्यांचे युद्धपट. मी मंडळात आलो तेव्हाच ही प्रथा चांगली मुरलेली होती. दर वर्षी एका सभासदाची पाळी यायची. त्याने चित्रपट निवडायचा, सुरुवातीला दहा मिनिटं बोलायचं आणि नंतर सगळ्यांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं.

माझ्या पहिल्या वर्षी 'बॅटल ऑफ द बल्ज' होता, 1965चा. पडद्यावर जर्मन रणगाड्यांची रांग धुरळा उडवत आली, मी अंग चोरून बसलो होतो, आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "चाकं बघा, चाकं!" दिवे लागल्यावर कळलं, की ते जर्मनांचे अवजड 'किंग टायगर' रणगाडे नव्हतेच. स्पेनच्या लष्कराकडचे अमेरिकी बनावटीचे एम-47 होते. दुसऱ्या महायुद्धातली ही लढाई खरी झाली 1944च्या डिसेंबरात, बेल्जियमकडच्या आर्डेनच्या बर्फाळलेल्या जंगलात, आणि चित्रपटातली शेवटची झुंज मात्र उघड्या, कोरड्या माळावर. मला फसवल्यासारखं अजिबात वाटलं नाही. उलट एक नवी नजर मिळाल्यासारखं वाटलं.

मग ते वेडच लागलं. जर्मन टायगरची चाकं एकमेकांवर चढलेली असतात, सोव्हिएत टी-34ची पाच मोठी चाकं सुटी सुटी. 1970च्या 'केलीज हीरोज'मधल्या टायगरच्या अंगाखाली ही सुटी चाकं दिसली, की खोलीभर कुजबुज व्हायची. युगोस्लाव्हियात चित्रीकरण झालं, तिथल्या टी-34 रणगाड्यांवर टायगरचा साज चढवला होता. अमेरिकी शर्मन मात्र अस्सल, कारण तिथल्या लष्कराकडे ते अजून शिल्लक होते. त्यानंतर 28 वर्षांनी 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मध्येही टायगरच्या पोटात टी-34च निघाला. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी जनरल पॅटनवरचा 'पॅटन' लागला, त्या वर्षी तर कमालच झाली. दोन्ही बाजूंनी धावणारे रणगाडे युद्धानंतर बनलेले, एम-47 आणि एम-48. आणि या दोन्ही रणगाड्यांना अमेरिकी लष्कराने नाव दिलेलं होतं पॅटन! म्हणजे वाळवंटात जनरल पॅटनच्या समोर जे जर्मन उभे होते, तेही त्याच्याच नावाच्या गाड्यांमध्ये बसून.

तिसऱ्या रांगेच्या टोकाला एक काका बसायचे. तरुणपणी सेंच्युरियन रणगाड्यावर तोफची होते. चाकांच्या चर्चेत ते कधी पडले नाहीत. एका वर्षी मीच विचारलं, "काका, तुम्हाला तर लांबूनच ओळखू येत असेल ना?"

"अरे, चाकं बाहेरून दिसतात," ते म्हणाले. "आम्ही कुठे बाहेर होतो?"

आणि त्या दिवशी ते बोलले. समोर नवीन माणसं होती, ती खुर्च्या ओढून जवळ आली. चालक पुढे, खाली, एकटा. त्याला दिसते ती समोरची चिंचोळी पट्टी. लोडर गोळे भरतो, रेडिओ सांभाळतो, त्याला बाहेरचं जवळजवळ काहीच दिसत नाही. तोफचीचं सगळं जग एका गोल भिंगाएवढं. अख्खं मैदान बघतो तो फक्त कमांडर, आणि ते बघायला त्याला झाकणातून डोकं वर काढावं लागतं, म्हणून गोळी आधी त्यालाच शोधते. चौघं हातभर अंतरावर असतात, पण एकमेकांचे चेहरे बघत नाहीत. कानातल्या आवाजावर चालतं सगळं. कमांडरने निशाणा सांगायचा, लोडरने गोळा भरल्याचं ओरडायचं, मग तोफचीने डागायचं. "हे तीन आवाज ओळीने आले नाहीत, तर तो चित्रपट मला खोटा," असं म्हणून ते थांबले. काका रणगाड्याला रणगाडा म्हणत नसत, 'गाडी' म्हणत.

त्यानंतर आमच्या खोलीतली शांतता बदलली. 'बॉर्डर' लागला तेव्हा लोंगेवालाची रात्र आम्ही श्वास धरून पाहिली. हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता, म्हणून त्या तुकडीला उजाडेपर्यंत तग धरायचा होता, समोर रणगाडे आणि हाताशी जीपवरच्या तोफा. तिथे रणगाडा फक्त समोरून येणारा होता. आत कोण बसलंय, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

त्याचं उत्तर 'लेबनॉन'ने दिलं. 2009चा हा चित्रपट मला या सगळ्यांत थोर वाटतो. सुरुवातीचं आणि शेवटचं सूर्यफुलांचं शेत सोडलं, तर कॅमेरा रणगाड्याच्या बाहेर पाऊल टाकत नाही. बाहेरचं जे दिसतं ते तोफचीच्या भिंगातून. दिग्दर्शक सॅम्युएल माओझ 1982च्या लेबनॉन युद्धात इस्रायली रणगाड्यावर स्वतः तोफची होता. त्याच्या चित्रपटातल्या तरुण तोफचीचं बोट ऐन वेळी चापावर दाबलंच जात नाही. त्या क्षणी मी काकांकडे पाहिलं. ते दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट ठेवून बसले होते. त्या वर्षी प्रश्नोत्तरं झाली नाहीत, आणि कुणाला ती व्हावीत असं वाटलंही नाही.

'फ्युरी'च्या वर्षी चाकंवाल्यांचा सण होता. त्यात टायगर खराखुरा, 1943मध्ये ट्युनिशियात हाती लागलेला आणि इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या संग्रहालयाने चालता ठेवलेला. तो झाडीतून बाहेर पडला आणि टाळ्या पडल्या. काका डोळे मिटून ऐकत होते. नंतर म्हणाले, "भांडतात, शिव्या देतात, पण गोळा भरताना चुकत नाहीत. असंच असतं."

पुढे काकांची पाळी आली. 'पॅटन' पुन्हा लावतील, अशी सगळ्यांची अटकळ. त्यांनी निवडला 1943चा 'सहारा', हंफ्री बोगार्टचा. कृष्णधवल चित्रपट. सबंध गोष्टीचा नायक एकच एम-3 रणगाडा, त्याचं नाव लुलूबेल. वाळवंटात माघार घेताना तो वाटेत भेटेल त्याला पाठीवर घेत जातो, इंग्रज, सुदानी, इटालियन कैदीसुद्धा, आणि सगळे मिळून एका आटत चाललेल्या विहिरीपाशी पोचतात. मोठी रणगाडा-लढाई त्यात नाहीच. बोगार्ट त्या गाडीबद्दल ज्या मायेने बोलतो, तेवढ्यासाठी काकांना तो हवा होता.

दहा मिनिटं त्यांनी वापरली नाहीत. उभे राहिले, म्हणाले, "आमच्या गाडीलाही नाव होतं," आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते नाव आम्हाला सांगितलं. मग चालकाचं, लोडरचं, कमांडरचं. बसता बसता त्यांनीच दिवे मालवायची खूण केली.