आमची वाटचाल : केळीच्या पानाचा ठप्पा

आमच्या वर्कशॉपमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक सायलेन्सरवर केळीच्या पानाचा एक लहानसा ठप्पा असतो. तो मारण्याचा पोलादी पंच भुसावळच्या एका निवृत्त रेल्वे फिटरने कानशीने घासून स्वतःच्या हाताने तयार केला. आम्ही सारे त्यांना नाना म्हणत असू. 1999 साली जळगावात अजिंठा चौफुलीच्या आतल्या बाजूला दहा बाय बाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही काम सुरू केले, तेव्हा आमच्याकडे एक गॅस वेल्डिंगचा संच, एक शिकंजा, दोन हातोड्या आणि नाना एवढेच भांडवल होते. या ठप्प्याचा एकदा जो गैरवापर झाला, तो आजही मनातून गेलेला नाही. आमची वाटचाल सांगायची तर त्या प्रकरणाला टाळून पुढे जाता येणार नाही.

नानांनी आम्हांला पाइप वाकवायला शिकवले. पाइप न चेपता वाकवणारे मँड्रेल बेंडिंगचे यंत्र त्या काळी आमच्या ऐपतीच्या पलीकडचे होते, म्हणून आम्ही गिरणेची बारीक रेती आणत असू. ती दोनदा चाळायची, मोठ्या तव्यावर पूर्ण कोरडी होईपर्यंत भाजायची, पाइपात ठासून भरायची आणि दोन्ही टोकांना लाकडी बुचे ठोकायची. त्यानंतर टॉर्चने पाइप लालसर करून लाकडी साच्याभोवती सावकाश ओढून घ्यायचा. रेतीत ओल राहिली तर तिची वाफ होते आणि बूच गोळीसारखे उडते. अशाच एका बुचाने शेडच्या पत्र्याला पाडलेले भोक आम्ही अजून बुजवलेले नाही. भरणी सैल राहिली तर बेंडच्या आतल्या बाजूला सुरकुती पडते. नाना त्या सुरकुतीवरून अंगठा फिरवत आणि म्हणत, "भाऊ, धूर इथं अडखळेल." तो पाइप लगेच भंगारात जाई, मग गिऱ्हाईक दारात ताटकळत उभे असले तरी.

धूर अडखळणे म्हणजे काय, हे समजायला आम्हांला बरीच वर्षे लागली. "इंजिनाला बॅकप्रेशर (बाहेर जाणाऱ्या धुराला होणारा अडथळा) लागतोच" असे बाजारात सर्रास बोलले जाते, आणि एके काळी आम्हीही ते मानत होतो. प्रत्यक्षात इंजिनाला अडथळ्याची गरज नसते, वायूच्या वेगाची असते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची एक लाट पाइपातून पुढे धावते. पाइपाचा घेर जेथे एकदम मोठा होतो तेथून ती उलट फिरते, पण परत येताना तिचा दाब ऋण झालेला असतो. मिश्रण आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकाच वेळी थोडे उघडे असतात, त्याच क्षणी ती परतली तर उरलेला जळका वायू ओढून नेते आणि ताज्या मिश्रणाला आत जागा करून देते. म्हणूनच बेंड पाइपची, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरच्या डब्यापर्यंतच्या वाकलेल्या पाइपाची, लांबी आणि घेर यांवर गाडी कोणत्या आरपीएमला (मिनिटाला किती फेऱ्यांवर) खेचेल हे बऱ्याच अंशी ठरते. घेर उगाच वाढवला तर वायूचा वेग मंदावतो आणि गाडी खालच्या गिअरात बसून जाते. आवाज जाडा झाल्यामुळे गाडी चालवणाऱ्याला मात्र ताकद वाढल्याचा भास होतो.

टू-स्ट्रोक गाड्यांत हा हिशोब आणखी नाजूक असतो. 1985 साली भारतात आलेल्या यामाहाच्या आरएक्स 100 मोटारसायकलने खानदेशातल्या एका अख्ख्या पिढीला वेड लावले. तिच्या सायलेन्सरमध्ये आधी फुगत जाणारा, मग निमुळता होणारा जो भाग असतो, तो केवळ आकारासाठी नसतो. निमुळत्या भागावरून परतलेली लाट पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या छिद्रातून, बाहेर निसटणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. त्या सायलेन्सरचा बॅफल, म्हणजे आवाज दाबणारा आतला भाग, ओढून काढणारी मुले आमच्याकडे रोज येत. आम्ही त्यांना सांगत असू की बॅफल काढू नका, त्यावरचा कार्बन जाळून स्वच्छ करून पुन्हा बसवा, म्हणजे गाडी आपोआप मोकळी होईल. काही मुले ऐकत, आणि जी ऐकत नसत ती पुढच्या दुकानात जात.

2007 मध्ये आम्ही आर्गन वेल्डिंगचे मशीन घेतले. 304 ग्रेडच्या स्टेनलेस पाइपाला टंगस्टनच्या टोकाखाली पहिला थेंब पडला, तेव्हा नाना खुर्ची ओढून काच डोळ्यांपुढे धरून शेजारीच बसले होते. पाइपाच्या आतूनही आर्गन वायू सोडावा लागतो, नाहीतर जोडाची आतली बाजू जळून साखरेसारखी खरखरीत होते, हे आम्ही तीन पाइप वाया घालवून शिकलो. वरचा जोड सोनेरी आला म्हणजे उष्णता बेताची होती, आणि करडा पडला तर हात मंद चालला होता. त्यानंतर नाना फार दिवस राहिले नाहीत. त्यांचा पंच आजही तेलाच्या फडक्यात गुंडाळून गल्ल्याच्या खणात ठेवलेला असतो आणि ठप्पा आम्ही स्वतःच मारतो.

पुढची सात-आठ वर्षे काम नीट चालले, त्याबद्दल विशेष सांगण्यासारखे काही नाही.

2015 च्या दिवाळीच्या सुमारास एका मोठ्या शहरातला वितरक आमच्याकडे आला. गाडीचा मूळ बेंड पाइप तसाच ठेवून फक्त मागचा डबा बदलता येईल, असे 240 सायलेन्सर त्याला हवे होते. आमचा नमुना त्याने स्वतः गाडीला लावून चालवून पाहिला. आत जाळीचा सरळ पाइप, भोवती ग्लासवूल (काचेच्या धाग्यांची लोकर) आणि टोकाशी एका बोल्टने धरलेला बॅफल, अशी त्याची रचना होती. बॅफल असताना आवाज घुमारदार, खोल आणि मर्यादेत राहत असे. दर 1,900 रुपये ठरला. एकूण 4,56,000 रुपयांच्या मालापोटी त्याने 60,000 रुपये आगाऊ दिले आणि बाकी रक्कम माल पोचल्यापासून दीड महिन्यात देण्याचे कबूल केले. आम्ही पतसंस्थेचे कर्ज काढून पत्रा आणि पाइप उचलला, दोन कारागीर वाढवले आणि अडीच महिने रात्रपाळी केली. प्रत्येक डब्यावर केळीच्या पानाचा ठप्पा आमच्याच हाताने मारला.

त्या वितरकाने काय केले, ते आम्हांला गिऱ्हाइकांच्या तोंडून कळले. त्याने दुकानात बसून प्रत्येक डब्याचा तो एक बोल्ट काढला, बॅफल पोत्यात भरले आणि ते डबे "फटाका" म्हणून आमच्या दराच्या दुपटीने विकले. वाहतूक पोलिसांची मोहीम सुरू झाली तेव्हा ते डबे भराभर जप्त झाले. पोलीस त्यांचे काम करीत होते. त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. पण डब्यावर ठप्पा आमचा होता. दंडाच्या पावत्या घेऊन मुले जळगावला आमच्या दारात येऊ लागली आणि "तुमचा माल बोगस आहे" असे चारचौघांत बोलू लागली. एका मुलाचे वडील शिक्षक होते. त्यांनी ती पावती आमच्या शिकंज्यावर ठेवली आणि एक शब्दही न बोलता ते निघून गेले. ज्यांनी शिव्या दिल्या त्यांचे चेहरे आज आठवत नाहीत, पण त्या गुरुजींचा चेहरा विसरता येत नाही. वितरकाने उरलेले 3,96,000 रुपये "माल नापास झाला" असे सांगून बुडवले. लेखी करार नव्हता, कारण आम्ही शब्दावर व्यवहार केला होता. या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांना आमचे सांगणे आहे की रक्कम दहा हजारांची असली तरी कागद करावा, त्यावर मालाचे वर्णन लिहावे आणि बॅफलसह माल दिल्याची सही घ्यावी. आपण इतके काटेकोर वागलो म्हणून समोरचा माणूस दुखावेल, ही भीती आम्हांला चार लाखांना पडली.

2016 चा उन्हाळा आम्ही कसा काढला ते घरच्यांनाच ठाऊक आहे. दोन्ही कारागिरांना जड मनाने निरोप दिला, घरातले दागिने गहाण गेले आणि आर्गनचे मशीनही विकायला काढले. गिऱ्हाईक मशीन पाहून भाव करून गेले होते, दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन येणार होते. त्याच संध्याकाळी रावेरकडचे आमचे आप्पा आले.

आप्पा म्हणजे केळीचे शेतकरी. 2001 पासून त्यांची जुनी बुलेट आमच्याकडेच येते. त्यांची परीक्षा घेण्याची रीत ठरलेली आहे. गाडी चालू करून ते सायलेन्सरच्या तोंडाशी वीतभर अंतरावर तळहात धरतात आणि डोळे मिटून ठोके मोजतात. प्रत्येक ठोका सारख्या वजनाने हाताला लागला पाहिजे. एखादा हलका पडला की त्यांचा हात लगेच खाली येतो. एकदा आम्ही छातीठोकपणे सांगितले की जोड पक्का आहे, तरी त्यांचा हात खाली आला. तोंडाला फडके दाबून कान लावला तेव्हा हेडजवळच्या गॅस्केटमधून बारीक फुस्स ऐकू आले. त्या दिवसापासून आम्हीही प्रत्येक गाडीवर ही चाचणी घेतो.

त्या संध्याकाळी आप्पांनी मशीनवर लावलेली किमतीची चिठ्ठी पाहिली, काढली आणि खिशात घातली. "माझ्या मळ्यावर सहा डिझेल इंजिनं आहेत. साऱ्यांचे सायलेन्सर गंजून गेलेत आणि रात्री घरात झोप लागत नाही. ते करून द्या," असे म्हणून त्यांनी 25,000 रुपये शिकंज्यावर ठेवले, नेमके त्याच जागी जेथे गुरुजींनी पावती ठेवली होती. त्या सहा सायलेन्सरांवरून त्यांच्या शेजारच्या मळ्यांतून, नंतर यावल आणि चोपड्याकडूनही कामे आली. इंजिनाचा आवाज कमी करण्याच्या कामाने आमचे मोटारसायकलचे काम जगवले. मशीन आजही त्याच जागी आहे.

त्यानंतर आम्ही रचना बदलली. आमच्या डब्यात आता बॅफल बोल्टने बसत नाही. तो चार ठिकाणी आर्गनने टाचलेला असतो, आणि ठप्पा डब्यावर न मारता बॅफलच्या ओठावर मारलेला असतो. बॅफल कापला तर आमचे नावही त्याच्याबरोबर कापले जाते. बॅफल काढता येईल असा डबा बनवून देण्यासाठी जास्त पैसे देऊ करणारे अजूनही येतात. त्यांना आम्ही चहा पाजतो आणि परत पाठवतो.

येथे नियमही सांगणे आवश्यक आहे, कारण अर्ध्या मुलांना ते ठाऊक नसतात. मोटारसायकलच्या आवाजाची मर्यादा 80 सीसीपर्यंत 75 डेसिबल, 80 ते 175 सीसीपर्यंत 77 आणि त्यापुढे 80 डेसिबल अशी आहे. ही मोजणी चालत्या गाडीपासून साडेसात मीटरवर होते, त्यामुळे मोबाइल सायलेन्सरला टेकवून दिसणाऱ्या आकड्याला काही अर्थ नाही. डेसिबल 3 ने वाढला की ध्वनीची तीव्रता दुप्पट होते, म्हणून "दोन-चारने काय बिघडते" हे बोलणे चुकीचे आहे. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर मर्यादा मोडल्यास दंड 10,000 रुपयांपर्यंत जातो, कैदही होऊ शकते आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स जाते.

ज्यांच्याकडे कार्ब्युरेटरची जुनी गाडी आहे त्यांनी सायलेन्सर मोकळा केल्यावर जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) तपासल्याशिवाय गाडी पळवू नये. हवा जास्त खेळू लागते, मिश्रण लीन होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, बेंड पाइप निळा पडतो आणि पुढे व्हॉल्व्ह जळतो. पन्नास किलोमीटर चालवून प्लग खोलून पाहावा: बदामी रंग उत्तम, पांढरा पडला असेल तर जेट एक पायरी वाढवावी. आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मे महिन्यात 45 अंशांच्या दुपारी हवा विरळ असते. त्या वेळी बरोबर बसलेली जेट डिसेंबरच्या पहाटेच्या दाट हवेत अपुरी पडते. 2020 नंतरच्या बीएस-6 (नव्या प्रदूषण-नियमांच्या) गाड्यांच्या बेंडमध्ये ऑक्सिजन सेन्सर आणि धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो कन्व्हर्टर आम्ही कापत नाही आणि कोणाकडून कापूनही घेऊ नये. गाडी संथ वेगात असताना सेन्सर मिश्रण सांभाळून घेतो, पण थ्रॉटल पूर्ण पिळल्यावर बहुतेक गाड्यांचा संगणक त्याच्याकडे न पाहता ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो. नुकसान तेथेच होते. फक्त डबा बदलून दोन-तीन घोड्यांची ताकद वाढते असे कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. वजन घटते, आवाज गोड होतो आणि गाडी किंचित मोकळी धावते; प्रामाणिक कारागीर एवढेच सांगेल.

आप्पांच्या बुलेटचा तिसरा सायलेन्सर सध्या आमच्या शिकंज्यात आहे. या वेळी त्यांच्या नातवाने पुंगळी (मोठा आवाज करणारा मोकळा नळा) लावून देण्याचा आग्रह धरला होता, आणि आप्पांनी त्यालाच आमच्याकडे पाठवून दिले. गेले दोन रविवार तो मुलगा शेडमध्ये बसून जाळीच्या पाइपावर ग्लासवूल गुंडाळतो आहे. फार घट्ट गुंडाळले तर वूल आवाज शोषत नाही आणि सैल राहिले तर सहा महिन्यांत उडून जाते, हे त्याच्या हाताला आता कळू लागले आहे. डबा बंद करण्यापूर्वी स्टेनलेसवरचे बोटांचे ठसे स्पिरिटने पुसायचे असतात, नाहीतर पहिल्या तापातच ते कायमचे भाजले जातात. येत्या रविवारी त्याला ते काम द्यायचे आहे आणि त्यानंतर आप्पांना हात धरायला बोलवायचे आहे.