एका बाराचं पिस्तूल

व्हिडिओ कॉलवर बोलताना मागच्या फळीवरची लांबट पेटी आईला दिसली. "सनई शिकतोयस की काय?" तिने विचारलं. पेटीत पिस्तुलाची नळी आहे म्हटल्यावर पलीकडे एकदम शांतता. मग बाबांनी फोन घेतला. त्या कॉलवर जे धड सांगता आलं नाही ते इथे लिहितोय.

मी न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआला राहतो. याच राज्यात रॉचेस्टर नावाचं गाव आहे आणि तिथे माझं पिस्तूल जन्मलं. वॉरन सेंटर नावाच्या कारागिराने 1960 च्या दशकात घराच्या तळघरात एक विचित्र पिस्तूल बनवलं होतं. त्यात एका वेळी एकच काडतूस, पण नळी बदलता येणारी. रॉचेस्टरच्या के. डब्ल्यू. थॉम्पसन टूल कंपनीला आपल्या कारखान्यासाठी स्वतःचं काहीतरी उत्पादन हवंच होतं. 1965 मध्ये सेंटर त्यांच्याकडे गेला आणि 1967 मध्ये 'थॉम्पसन/सेंटर कंटेंडर' बाजारात आलं. पुढे 2007 मध्ये स्मिथ अँड वेसनने कंपनी विकत घेतली, उत्पादन मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला हललं आणि नंतर मंदावत गेलं. त्यामुळे कंटेंडर म्हणजे बहुतेक जुनंच. हातोहात फिरणारं.

रचना समजायला आपली दुनळी बंदूक डोळ्यांसमोर आणा. चापाभोवतीच्या कडीला मागे एक शेपटी असते. ती ओढली की नळी बिजागरीवर पुढे लवते, मागचं तोंड उघडतं. काडतूस घाला, नळी वर करून खटकन बंद करा, घोडा चढवा, बार काढा. नळी बदलायची तर खालच्या लाकडाचे स्क्रू काढायचे, बिजागरीची खिट्टी सरकवायची की नळी हातात. दोन मिनिटांचं काम. नेम धरायची दुर्बीण त्या त्या नळीवरच बसवलेली असते, म्हणून बदलल्यावर नेम पुन्हा लावत बसावं लागत नाही. त्याच बॉडीवर सकाळी .22 चं फुसकं काडतूस, दुपारी .30-30 सारखं हरणाच्या शिकारीचं रायफलचं काडतूस.

विकत घ्यायला आधी ग्रीन कार्डची वाट बघावी लागली. एच-वन-बी व्हिसावर असताना इथल्या संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा परवाना काढला तर तो अपवादांपैकी एक, पण मला त्या वाटेने जायचं नव्हतं. ग्रीन कार्ड आल्यावर एका दुकानात 4473 क्रमांकाचा फॉर्म भरला, पार्श्वभूमी तपासली गेली आणि पाऊण तासात साडेपाचशे डॉलरना जुनं कंटेंडर माझं झालं. आपल्याकडे परवान्यासाठी पोलीस चौकशी आणि कलेक्टर कचेरीच्या खेपा पाहिलेल्या बाबांचा अजून विश्वास बसत नाही.

पण खरी गंमत नळ्यांची. कायद्याच्या दृष्टीने बंदूक म्हणजे क्रमांक कोरलेली बॉडी. नळी हा नुसता सुटा भाग, ती कुरियरने घरी येते, साबणाच्या वडीसारखी. मात्र याच पिस्तुलाला खांद्याचा दस्ता जोडला आणि नळी 16 इंचांपेक्षा आखूड असली, तर नोंदणीशिवाय तो गंभीर गुन्हा. हा 1934 चा कायदा. कंपनीने पिस्तुलासोबत 21 इंची नळी आणि दस्ता असा संच विकायला काढला तेव्हा सरकार म्हणालं, पिस्तुलाची आखूड नळी आणि दस्ता एकाकडे आहेत म्हणजे आखूड रायफलच झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1992 मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. म्हणून मी दस्ता लावताना आधी लांब नळी, मग दस्ता, आणि काढताना आधी दस्ता, मग नळी, हा क्रम देवपूजेसारखा पाळतो.

जुना माल घेताना मी दोन ठिकाणी फसलो. पहिली नळी स्वस्त मिळाली म्हणून घेतली आणि ती निघाली एन्कोरची. याच कंपनीचं, दिसायला भावंडच, पण मोठं. कंटेंडरला ती बसतच नाही. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, मीच वाचलं नव्हतं. दुसऱ्यांदा नळी बरोबर होती, पण आत उजेड धरून पाहिलं नव्हतं. खाचांमध्ये गंजाने खड्डे पडलेले. आता आधी टॉर्च, मग किंमत. बॉडीला नळी लावून बिजागरीत डुगडुगते का तेही हाताने बघतो.

वापरातली फजिती मात्र पूर्ण माझी. कंटेंडरच्या घोड्यावर एक छोटी कळ असते. .22 च्या काडतुसाला काठावर ठोका लागतो, मोठ्याला मध्यभागी, आणि कळ त्याप्रमाणे फिरवायची. मी नळी बदलली, कळ विसरलो. नेम धरला, चाप ओढला: खट्ट. नेमबाजीच्या क्लबातल्या सत्तरीच्या काकांनी (इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मी मनातल्या मनात काका म्हणतो) मागून हात वर केला. न फुटलेलं काडतूस उशिरा पेटू शकतं, म्हणून तोंड निशाणाकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं. ते तीस सेकंद दहावीच्या निकालाइतके लांब वाटले.

या काकांनीच मला लोखंडी प्राण्यांच्या खेळात ओढलं. हा खेळ मेक्सिकोतून इथे आला आणि पिस्तुलांसाठी 1976 मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. 50 मीटरवर कोंबडी, 100 वर डुक्कर, 150 वर टर्की, 200 वर मेंढा. सगळे पोलादी पत्र्याचे. पाच प्राण्यांना पाच गोळ्या आणि दोन मिनिटं. नेमबाजी म्हणजे ताठ उभं राहून एक हात लांब करणं, अशी माझी कल्पना होती. इथे लोक जमिनीवर पाठ टेकून रेलतात, पाय दुमडतात आणि पिस्तूल पोटरीला टेकवतात. लोडाला टेकलेला जहागीरदार, हातात हुक्क्याऐवजी पिस्तूल.

माझ्याकडे तेव्हा .357 ची दहा इंची नळी होती. कोंबड्या उडाल्या, डुकरं चार पडली, टर्कींनी अब्रू घेतली. मेंढ्याला मात्र माझी पहिली गोळी छान पोटात बसली. क्षणभराने टणत्कार इथवर ऐकू आला. मेंढा हलला, पुन्हा स्थिर झाला. मी काकांकडे अभिमानाने पाहिलं. त्यांनी कागदावर शून्य लिहिलं. लागून चालत नाही, पडावा लागतो.

"म्हणूनच लोकांनी .223 च्या काडतुसाचं तोंड रुंद करून 7 मिलिमीटरची गोळी बसवली," ते म्हणाले, "मेंढा पाडायला." आणि आपल्या पेटीतून 14 इंची नळी काढून माझ्या मांडीवर ठेवली. त्याच काडतुसाची, नाव 7 एमएम टीसीयू. विकायची आहे का, असं मी लगेच विचारलं नाही. चहाच्या सुट्टीत विचारलं.

आईने सनईची समजली ती पेटी या नळीचीच.