तो वाजवत नाही, मग करतो काय?

पाश्चात्त्य संगीतावर गप्पा मारायला मी ठाण्यापुण्यात, कधी नाशिकला जाते. कार्यक्रम संपून चहा आला की कुणीतरी हमखास गाठतं. "ताई, ते अभ्यासक स्वतः वाजवत नाहीत, संगीत रचतही नाहीत. कुणी न ऐकलेला एक संगीतकार घेऊन जन्मभर बसतात, म्हणजे करतात तरी काय?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मी उदाहरण देते ते कैखुश्रू शापुरजी सोराबजी या संगीतकाराचं. नाव ऐकून मंडळी सरसावून बसतात. वडील मुंबईचे पारशी, सिव्हिल इंजिनीअर. आई इंग्रज. जन्म १८९२चा, इंग्लंडमधला, आणि आयुष्यही तिकडेच गेलं. १९३३-३४च्या सुमारास भारतात येऊन गेला खरा, पण त्याच्या पियानोत यमन किंवा भैरवी शोधायला जाल तर निराश व्हाल.

त्याची 'ओपस क्लाविचेंबालिस्टिकम' ही रचना चार तासांच्या वर चालते. सगळं एकट्या पियानोवर. १ डिसेंबर १९३० ला ग्लासगोमध्ये त्यानं ती स्वतःच वाजवली. १९३६ मध्ये लंडनला दुसऱ्या एका वादकानं तिचा पहिलाच भाग वाजवला आणि तो चांगलाच फसला. वाईट वाजण्यापेक्षा न वाजलेलं बरं, हे सोराबजीचं मत. मग त्यानं जाहीर वादनाला परवानगीच द्यायची नाही असं धोरण ठेवलं, ते १९७६ पर्यंत. लिहीत मात्र राहिला. सगळं हातानं, भराभर, आणि लिहिलेलं पुन्हा तपासायचा कंटाळा.

इथे मला माझा जुना धंदा आठवतो. पंचवीस वर्षं मी मुद्रितशोधन केलं. हस्तलिखितात 'दिन' आहे की 'दीन' हे कळत नसे आणि वाक्यात दोन्ही बसत असत. लेखक हयात असेल तर फोन करायचा. नसेल तर त्याची बाकीची पानं वाचत बसायचं. हा माणूस वेलांट्या विसरतो की मुद्दाम असं लिहितो, याचा अंदाज येईपर्यंत.

सोराबजीच्या पानावर हेच होतं, फक्त वेलांटीच्या जागी स्वर कोमल-तीव्र करणारी खूण असते. एरवी ही खूण त्या मात्राखंडाच्या, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्याच्या, शेवटपर्यंत चालते. त्याच्याकडे ती साधारणपणे ज्या स्वराआधी आहे त्याच्यापुरतीच. मग पुढच्या त्याच स्वराला खूण नसेल तर ती हवीच नव्हती, की घाईत राहिली? एका पानावर असे प्रश्न ढिगानं, आणि एकेका रचनेची पानं शेकड्यांनी. निर्णय कुणीतरी घ्यायचा, का घेतला ते तळटीपेत लिहायचं, आणि स्वच्छ प्रत वादकाच्या हाती द्यायची. "करतात काय"चं माझं उत्तर हेच आहे. त्या संगीतकाराची स्तुती काय, कुणीही करेल.

क्वेबेकच्या लाव्हाल विद्यापीठातले मार्क-आंद्रे रॉबेर्ज यांनी हेच केलं. सोराबजीच्या रचनांच्या संपादित प्रती काढल्या, शिवाय त्याचं जाडजूड चरित्र लिहून ते चक्क फुकट वाचायला ठेवलं. त्यांच्या आधी कॅनडातलेच पॉल रॅपोपोर्ट यांनी १९९२ मध्ये त्याच्यावरचा मोठा ग्रंथ संपादित केला होता. आणि अॅलिस्टर हिंटन! ते अभ्यासक नव्हेत, संगीतकार. १९६९ मध्ये लंडनच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात त्यांच्या हाती सोराबजीचं छापील संगीत लागलं. पुढे म्हाताऱ्याशी ओळख झाली, स्नेह वाढला आणि ती सगळी हस्तलिखितं अखेर यांच्याकडेच आली. ते पुस्तक तेव्हा कुणी रद्दीत काढलं असतं तर, असा विचार मला ग्रंथालयात गेले की येतो.

ऑर्गनसाठीची त्याची दुसरी सिम्फनी १९३२ मध्ये लिहून पूर्ण झाली. ती पहिल्यांदा अखंड वाजली २०१० मध्ये, ग्लासगोलाच. आधी केव्हिन बोयर या वादकानं वर्षानुवर्षं बसून प्रत दुरुस्त केली, मग वाजवायला घेतली. संगीतकार १९८८ मध्येच गेला होता.

आपल्याकडे भातखंडे वकिली सोडून बंदिशी टिपत हिंडले, तेव्हा त्यांनाही कुणीतरी हे विचारलं असणारच. फरक एवढाच की त्यांना गळ्यातलं कागदावर आणायचं होतं, आणि या मंडळींना कागदावरचं हातात.

आता खरं सांगू का? ती चार तासांची रचना मी एका बैठकीत कधी ऐकलेली नाही. दोनदा प्रयत्न केला, एकदा झोप लागली. काही ठिकाणी तो नुसता हट्टाला पेटलेला वाटतो. पण 'गुलिस्तान' ऐका. १९४०ची रचना, अर्ध्या तासाच्या थोडी वर. किंवा त्याहून छोटी 'सुगंधी बाग', १९२३ची. ही त्यानं १९३० मध्ये रेडिओवर वाजवली, तेव्हा आजारी इंग्रज संगीतकार डेलियसनं ऐकून त्याला कौतुकाचं पत्र पाठवलं होतं.

मागच्या वेळी ठाण्यात हीच लावली. शेवटच्या स्वरानंतर कुणी टाळी वाजवली नाही. संपलंय हे कळलंच नव्हतं. मग मागून एक आजोबा म्हणाले, "ताई, पुन्हा लावता का? पण आवाज जरा कमी ठेवा, आहेच ते हळू."